सेनापतीचा सत्कार

ज्या माणसाने माझ्या आईचा चेहरा गावठी आहे असं मला लिहून कळवलं, त्याच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत होते. त्याची दया येत होती म्हणून नव्हे. राग ताजा असताना लिहायला बसलं की माणूस आरडाओरडा करतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही बाई भांडखोर दिसते. आता चाळिशीचा चष्मा लागलाय, केसांना मेंदी लावायचाही कंटाळा येतो, राग मात्र होता तसाच आहे. तेव्हा भांडखोर तर भांडखोर, लिहून टाकते.

आम्ही पळसदरीला राहायचो, स्टेशनच्या खालच्या अंगाला. बाबा रेल्वेत होते, घाट चढताना गाडीला मागून जी इंजिनं लावतात त्यांच्या कामावर. त्यामुळे आमच्या घरात भिंतीवर घड्याळ असूनही कुणी बघायचं नाही. इंजिनांचा घरघराट घाटाकडे गेला की आई भात चढवायची, मोकळी इंजिनं खाली उतरल्याचा आवाज आला की तव्यावर सुकट टाकायची, आणि सुकटीचा वास गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत बाबा टोकावर आलेले असायचे. बाबा बोलायचे कमी. आई बोलायला लागली की इंजिनं ऐकू यायची नाहीत. धरणाच्या वाटेवर आमचं थोडंसं भातशेत होतं, ते आई एकटीच्या हिमतीवर करायची, आणि त्या शेतात पाय ठेवला की ती कुणाचंच ऐकून घ्यायची नाही. बाबा बांधावर उभे राहून सल्ला द्यायचे आणि आई त्यांना बांधावरूनच परत पाठवायची. मला ती तिथे फार आवडायची. घरातली आई आणि शेतातली आई या मला दोन वेगळ्या बायका वाटायच्या, आणि शेतातली जास्त खरी वाटायची.

बारावीनंतर मी कर्जतच्या बाजारात नंदूशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागले. आमच्या भागात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड होवो, कुणाचं पोरगं दहावी पास होवो, नाक्यावर फ्लेक्स लागतोच. मधे ज्याचं कौतुक त्याचा मोठा फोटो, डोक्यावर ‘हार्दिक अभिनंदन’, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. ते चेहरे मूळ फोटोतून कापून काढायचं काम माझं. दुकानात त्याला ‘मुंडकी कापणं’ म्हणायचे. पहिल्या महिन्यातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. छापायच्या आधी नमुना दाखवायला गिऱ्हाइकांना बोलावलं की प्रत्येक जण फक्त स्वतःचं मुंडकं बघतो. ते शेजारच्यापेक्षा बारीक तर नाही ना, पहिल्या रांगेत आहे ना, एवढंच. बाकी त्या फ्लेक्सवर काय छापलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. एकदा नंदूशेठने एका साखरपुड्याच्या फ्लेक्सवर चुकून दुसऱ्याच मुलीचा फोटो लावला होता. शुभेच्छुकांपैकी एकालाही तो दिसला नाही, दिसला तो नवरीला.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. त्या वेळात दुकानाच्या इंटरनेटवर मी एक गेम खेळायचे. किल्ला बांधायचा, धान्य साठवायचं, दुसऱ्याच्या किल्ल्यावर चाल करून जायचं, असा तो गेम होता. गेममध्ये मी सुमार होते. माझं धान्य कायम कुणीतरी लुटून न्यायचं. पण तो खेळणाऱ्यांचा एक फोरम होता, त्यात मराठी मंडळी पुष्कळ. तिथे प्रत्येकाच्या लिखाणाखाली चित्राची एक छोटी पट्टी यायची, तिला ‘सही’ म्हणायचे. दर आठवड्याला सह्यांची मैत्रीपूर्ण स्पर्धा असायची. बक्षीस काही नाही. एक विषय द्यायचा, सगळ्यांनी सही बनवायची, सगळ्यांनी मतं द्यायची. जिंकणाऱ्याच्या नावापुढे आठवडाभर छोटा मुकुट राहायचा आणि पुढचा विषय तो ठरवायचा. मी तिथे ‘काकड’ या नावाने होते. शेवळांच्या भाजीत काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजून जीव जातो. आमच्याकडे हे पोरांनाही माहीत असतं. फोरमवर कुणाला माहीत नव्हतं, आणि काकड मुलगी आहे हेही माहीत नव्हतं. मला सगळे ‘भावा’ म्हणायचे. मला ते आवडायचं. ‘भावा, उजेड डावीकडून येतोय तर सावली पण डावीकडेच कशी?’ असं कुणी लिहिलं की मी फाईल उघडून सावली बदलायचे. मुंडकं कापायला मी दुकानात शिकले, पण त्या मुंडक्यावर उजेड कुठून पडतो हे बघायला त्या अनोळखी पोरांनी शिकवलं. तिथे मी फार सुखात होते, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढचा राग कळायचा नाही.

स्पर्धा चालवणाऱ्याचं फोरमवरचं नाव होतं सेनापती. हाताने चांगला, जिभेने गोड. एका आठवड्यात विषय आला ‘राणी’. बाकीच्यांनी गोऱ्यापान, नाकेल्या, विजेच्या तलवारी घेतलेल्या बायका बनवल्या. मी दुकानाचा कॅमेरा घेऊन शेतावर गेले. कापणी चालू होती. आई डोक्याला टॉवेल गुंडाळून, काष्टा मारून, हातात विळा घेऊन उभी होती आणि मी काम थांबवायला लावलं म्हणून उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. तो फोटो घेतला आणि त्या आठवड्याच्या साऱ्या दुपारी त्यावर घालवल्या. टॉवेलचा शिरपेच केला, पेंढ्यांच्या मागे तटबंदी उभी केली, विळ्याला हातच लावला नाही. चेहऱ्यालाही नाही. मतं मोजली तर माझं चित्र आणि दुसऱ्या एकाचं बरोबरीत आलं. बरोबरी झाली तर निकाल सेनापती द्यायचा. त्याने लिहिलं, ‘काकड, मेहनत दिसते भावा, पण चेहरा फारच गावठी झालाय. ही राणी वाटत नाही, मोलकरीण वाटते.’ खाली हसरा चेहरा. मुकुट दुसऱ्याला गेला.

 फोरमवर टीका मनावर घ्यायची नाही अशी रीत होती, आणि मी रीत पाळणाऱ्यांपैकी होते. वर त्याने मला खाजगीत लिहिलं, ‘ओपन फाईल पाठव, कुठे चुकलं ते दाखवतो.’ ओपन फाईल म्हणजे ज्यात चित्राचे सगळे थर सुटे असतात, हवा तो उचलावा, हवा तो बदलावा. शिकण्यासाठी ती एकमेकांना द्यायची पद्धतच होती. मी पाठवली, आभारही मानले. त्याने काहीच दाखवलं नाही, आणि मीही विसरून गेले.

पुढे वाल तयार होण्याच्या दिवसांत एका सकाळी दुकानात एक भाऊ आले. खोपोलीकडचे, पार्टीतले, मागे दोन माणसं. खोपोलीच्या फ्लेक्सवाल्याशी त्यांचं निवडणुकीपासून बिनसलं होतं, म्हणून इकडे आले होते. नंदूशेठने त्यांना खुर्ची दिली आणि मला हाक मारली. भाऊंनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “पोराचा सत्कार हाय. गेमच्या कंपनीनं चित्रांची स्पर्धा ठेवलीवती, आख्ख्या देशात पयला आला. ते चित्र मधी मोठं घे, बाजूला त्याचा फोटो, आनि खाली आमची सगळी मानसं.”

मी पेन ड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर माझी आई आली.

टॉवेलचा शिरपेच, तटबंदी, विळा, उन्हात बारीक केलेले डोळे. फक्त कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत प्रणव असं नाव आणि त्याखाली, बारीक, ‘सेनापती’. मी भाऊंना विचारलं, “ही बाई कोण आहे?”

“कोन नाय गं,” भाऊ म्हणाले. “काल्पनिक हाय. कम्प्युटरवर बनवलेली.”

त्या दुपारी मी फोरमवर लिहिलं. मूळ फोटो लावला, माझी जुनी सही लावली, शेजारी त्याचं बक्षिसाचं चित्र लावलं. सेनापतीचं उत्तर लगेच आलं. ‘भावा, फाईल तूच तर दिलीस. मूळ फोटो अगदी साधा होता, त्याचं चित्र मी केलं. आपल्या इथे मैत्रीपूर्ण स्पर्धा असते, असं जळू नये.’ आणि माझा धागा त्याने बंद करून टाकला, म्हणजे आता त्याखाली कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं. आधी मला रडू आलं, आणि मग दुकानाच्या मागे जाऊन मी फ्लेक्सच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीवर लाथा घातल्या. बक्षीस घेतलं त्याचं मला फार नव्हतं. ज्या चेहऱ्याला त्याने मोलकरीण म्हटलं तोच चेहरा घेऊन तो पहिला आला होता, आणि त्याच्या घरी त्या चेहऱ्याची बाई जगात नाही असं सांगून ठेवलं होतं. आई आहे, आणि ते चित्र मी काढलंय, हे चार लोकांत त्याच्या तोंडावर कळल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं.

संध्याकाळी आईने शेताच्या बांधावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ. बाबा जाळात काटक्या सारत होते. मी सगळं सांगितलं. गेम आणि फोरम आईला कळलं असेल असं मला वाटत नाही. तिने शेंगा सोलता सोलता एवढंच विचारलं, “माज्या तोंडाला काय म्हनला त्यो?”

“गावठी. आणि मोलकरीण.”

“आनि मंग त्येच तोंड लावून बक्षीस घेतलं?”

“हो.”

आईने शेंग खाली ठेवली. बाबा हळूच म्हणाले, “यमुना, ती मानसं मोठी हायत. बुद्धानं क्षमा सांगितलीय.”

“क्षमा करीन की,” आई म्हणाली. “आदी त्याला मागू तर दे.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “त्या फलकावर नाव असतंय त्याला ते सत्काराला वर बोलावत्यात ना गं? गुच्छ द्यायला?”

“बोलावतात. निवेदक फ्लेक्सवरचीच नावं वाचतो.”

“मंग माजा बी फोटू लाव. त्योच. साधा. शेतातला.”

बाबांनी जाळात एकदम तीन-चार काटक्या टाकल्या. त्या दिवशीची पोपटी जरा करपली होती, पण मी पोटभर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी तो फ्लेक्स बनवला. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून दुसरं कुठलंही काम केलेलं नाही, आणि पुढे मी मोठमोठी कामं केली आहेत. मधे राणी. तिच्या बाजूला प्रणव, गॉगल लावलेला. खाली भाऊंची माणसं, दाटीवाटीने. आणि रांगेच्या अगदी टोकाला, महिला आघाडीच्या दोन बायकांच्या पलीकडे, टॉवेल बांधलेली, विळा धरलेली, डोळे बारीक केलेली माझी आई. खाली नाव, ‘सौ. यमुनाताई जाधव, पळसदरी’. एक अक्षरही खोटं नाही. नमुना बघायला भाऊंची माणसं आली आणि मला वाटलं होतं तसंच झालं. एकाला त्याचं मुंडकं बारीक वाटलं, एकाला कपाळ जास्त कापल्यासारखं वाटलं, महिला आघाडीच्या बाईंना दुसरीच्या डावीकडे नको होतं, उजवीकडे हवं होतं. भाऊंनी स्वतःचा फोटो बोटभर वाढवून घेतला. राणी आणि यमुनाताई एकाच स्क्रीनवरून त्या सगळ्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं ते नंदूशेठचं. छपाईला टाकताना त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनला नाक लावलं. आई कधीमधी मला डबा द्यायला यायची, तो तिला चांगला ओळखत होता.

“यमुनाताई कवापास्नं भाऊंच्या पार्टीत गं?”

“आजपासून,” मी म्हटलं.

त्याने एकदा राणीकडे पाहिलं, एकदा रांगेतल्या आईकडे, मग माझ्याकडे. तोंडातला तंबाखू बाहेर जाऊन थुंकून आला. “रंग जरा गडद येऊ दे,” म्हणाला आणि मशीन चालू केलं.

सत्कार खोपोलीत एका हॉलमध्ये होता. आई निळ्या काठांची साडी नेसली होती, वेणीत अबोली. आम्ही दोघी एसटीने गेलो. बाबा येणार नव्हते, पण ऐन वेळी कामावरून सुट्टी घेऊन मागच्या दाराने येऊन उभे राहिलेले मला दिसले. स्टेजच्या मागे माझा फ्लेक्स पूर्ण भिंतभर लावला होता. खुर्चीवर शाल पांघरून, कपाळाला नाम ओढून प्रणव बसला होता. मी त्याला प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते. दिसायला अगदी साधा पोरगा होता, आणि तो साधा दिसतोय याचाही मला राग आला. भाषणं झाली. एक पाहुणे म्हणाले की या चित्रातली स्त्री म्हणजे आपली परंपरा आहे. मग निवेदकाने मागे वळून फ्लेक्सवरची नावं एकेक करून वाचायला घेतली, आणि एकेक शुभेच्छुक वर जाऊन गुच्छ देऊन फोटो काढून खाली येऊ लागला. रांगेचं टोक आलं. “सौ. यमुनाताई जाधव, पळसदरी!”

आई उठली. पायऱ्या चढून वर गेली. स्टेजवरचा झोतदिवा थेट तिच्या डोळ्यांवर आला आणि तिने डोळे बारीक केले, शेतात केले होते अगदी तसेच. मागे भिंतीवर राणी, खाली रांगेत विळेवाली, आणि समोर निळ्या साडीतली जिवंत बाई, असे तिन्ही चेहरे एका ओळीत आले. पहिल्या रांगेतल्या एका बाईने “अगं बया” म्हटलेलं मला ऐकू आलं. आईने गुच्छ प्रणवच्या हातात दिला, फोटोवाल्याला थांब म्हणून हात केला, निवेदकाच्या हातातल्या माइकशी तोंड नेलं आणि विचारलं, “पोरा, माजा फोटू कवा काढलास रं?”

हॉलमध्ये आधी कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी हसलं. मग खुर्च्या सरकल्या आणि लोक उभे राहून फ्लेक्स बघायला लागले, बहुधा जन्मात पहिल्यांदा स्वतःचं मुंडकं सोडून. भाऊ पुढे आले. “मावशी, तुमी खाली चला, आपन नंतर बोलू.”

“मी नाय जायाची,” आई म्हणाली. “कम्प्युटरवर बनवलेली हाय ना मी? मंग मला हात लावून बग. पोरा, सांग की. शेतात कवा आलावतास माज्या?”

प्रणवने मान वळवून फ्लेक्सकडे पाहिलं. रांगेच्या टोकापर्यंत त्याची नजर गेली आणि तिथेच थांबली. त्याचा चेहरा उतरताना मी बघितला, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पोपटीची शेंग चावावी तसा एकेक क्षण चावून खाल्ला. मग तो समोरच्या लोकांत कुणाला तरी शोधायला लागला. मी खुर्चीवरून उठले, हात वर केला आणि मोठ्याने सांगितलं, “काकड.”

त्यावर त्याला काहीही म्हणता आलं असतं. चुकलो म्हणता आलं असतं. तो म्हणाला, “तू मुलगी आहेस?” माइक अजून चालू होता. सगळ्या हॉलने ते ऐकलं आणि मग जे हसू फुटलं ते भाऊंच्या माणसांनाही आवरलं नाही. आई माझ्याकडे बोट करून एवढंच म्हणाली, “चित्र तिचं हाय,” आणि पदर सावरत पायऱ्या उतरून खाली आली. बाबा मागच्या दाराशी होते ते चालत पुढे आले आणि आमच्या शेजारी उभे राहिले.

आई खाली उतरायच्या आधी, हॉल हसत असताना, बरोबर नेलेल्या दुकानाच्या कॅमेऱ्याने त्या क्षणाचा एक फोटो मी काढला होता. स्टेज, तीन चेहरे, मधे शाल पांघरलेला सेनापती, तोंड उघडं. त्या आठवड्याच्या सहीस्पर्धेत तो जसाच्या तसा टाकला, ना सावली बदलली ना रंग. विषय ‘विजय’ होता, आणि आधीच्या आठवड्याचा मुकुट सेनापतीकडे असल्यामुळे तो त्यानेच दिलेला होता. स्पर्धेचा धागा मतदान संपेपर्यंत कुणी बंद करायचा नाही हा नियमही त्याचाच. त्याला तो रोज बघत बसावा लागला. मुकुट मला मिळाला. सेनापती फोरम सोडून गेला. कंपनीने बक्षीस परत मागवलं की नाही हे मी कधी विचारलं नाही. भाऊंच्या माणसांनी तो फ्लेक्स उतरवून हॉलमागे टाकला होता. नंदूशेठने टेंपो पाठवून तो आणवला आणि आईने तो मधोमध दुमडून गोठ्यामागे गोवऱ्यांवर पावसाचं झाकण म्हणून घातला. प्रणवचा फोटो आतल्या बाजूला, गोवऱ्यांना टेकवून. राणीचा वर. दोन पावसाळे टिकला.

मला सांगितलं जातं की राग सोडला की माणूस हलका होतो. सांगणाऱ्यांच्या आईला कुणी काही म्हटलेलं नसतं. मी पुढे पुण्यात शिकले, आता माझं स्वतःचं काम आहे, माझ्या हाताखाली पोरं आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक चित्रावर त्यांचंच नाव जातं याकडे माझा डोळा असतो. आई आता शेतात जात नाही, गुडघे धरलेत. बाबा गेले. सत्काराच्या त्या फोटोला मात्र काही झालेलं नाही. मी तो माझ्या संकेतस्थळावर ठेवलाय, खाली प्रणवचं पूर्ण नाव आणि काय घडलं ते चार ओळींत. कुणी त्याचं नाव शोधलं की पहिला तोच येतो.

मागे एकदा त्याचं पत्र आलं. खूप नम्र होतं. लिहिलं होतं की तेव्हा वय लहान होतं, फोरमवर एकमेकांचं उचलायची सवयच होती, आणि इतक्या वर्षांनी या गोष्टीला आता काय अर्थ आहे. शेवटी लिहिलं होतं की त्याची मुलगी आता शाळेत कम्प्युटरवर नावं शोधायला शिकली आहे, तर तेवढा फोटो मी काढून टाकावा. मी पत्र आईला वाचून दाखवलं. आईने दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा संपल्यावर विचारलं, “ह्यात मागितलीय कुटं?” मी पुन्हा बघितलं. खरंच नव्हती. सवय होती, वय होतं, मुलगी होती. माफी नव्हती.

मी त्याला उत्तर लिहिलं. मुलीला तिथे काय झालं ते तू स्वतः सांग, तिने मला एक ओळ लिहावी की बाबांनी सांगितलं, मी त्याच दिवशी फोटो काढून टाकीन. शब्दाची पक्की आहे मी. त्यानंतर त्याच्याकडून काही आलं नाही, त्याच्या मुलीकडूनही नाही. ती आता बरीच मोठी झाली असेल. फोटो आहे तिथेच आहे.